मोठ्या जावेचा घास

निघोजे
४ जुलै २०२५, कांदेनवमी

सौ. सायलीस,

मोठ्या जावेचे आशीर्वाद. ते थेट कोरियापर्यंत पोचतात की मध्ये विमान बदलावं लागतं, ते मला माहीत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोन आहे, पण तो सासूबाईंच्या हातात असतो आणि स्पीकरवर असतो. काल तू त्यांच्याशी चाळीस मिनिटं बोललीस. मी काही घड्याळ लावून बसले नव्हते, वरणाचा कुकर लावला होता म्हणून लक्षात राहिलं. माझ्या वाट्याला आलं ते "ताई, बऱ्या आहात ना?" मी म्हटलं, बरी आहे. की सासूबाईंनी फोन परत ओढून घेतला. तुला मराठी वाचायचा सराव हवा असतो, म्हणून आता लिहीत जाईन. पहिलीचं पुस्तक पुढ्यात ठेवून तुला बाराखडी मीच शिकवली होती, हे बाकी सगळे विसरले तरी तू विसरली नसशील.

आज कांदेनवमी. कंपनीतल्या मुलांचे चाळीस डबे जातात माझ्याकडून, प्रत्येकात दोन-दोन खेकडाभजी द्यायची म्हणून सकाळी साडेपाचला चिरायला बसले. घरी मात्र सासूबाईंनी पोटभर खाल्ली. परवापासून त्यांचा चातुर्मास, कांदा बंद. तो सुटणार थेट चंपाषष्ठीला, खंडोबाच्या भरतासोबत. हे तुला मी काय सांगायचं म्हणा, पंचांग आता तूच आम्हाला सांगतेस.

तुझ्या तिकडच्या देवघराचा फोटो सासूबाईंनी भावकीच्या गटावर टाकला. रांगोळी, समई, भंडाऱ्याची वाटी. त्रेसष्ट जणांनी हात जोडले. आमच्या चुलतसासूबाईंनी लिहिलं, "आपल्या पोरींनी शिकावं हिच्याकडून." तुझ्या लग्नाआधी याच चुलतसासूबाई तुला सोयाबीन म्हणत होत्या. सो-यून हे नाव जिभेवर बसत नव्हतं त्यांच्या.

राग नाही, पण एक सांगते. आळंदीला तुझा विधी झाला, होम झाला, गुरुजींनी विचारलं की हे कुणाच्या सांगण्यावरून नाही ना, आणि तू मोडक्या मराठीत म्हणालीस, "मला पूर्ण व्हायचं आहे." मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मी जन्मापासून हिंदू आहे. चव्वेचाळीस वर्षं झाली. एकदाही कुणी पदर डोळ्यांना लावून म्हटलं नाही की बघा, दिपाली किती छान हिंदू आहे. जे आयतं मिळतं त्याचं कौतुक होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि नाव. ताटात तांदूळ पसरून भावजींनी अंगठीने 'सायली' लिहिलं. ते सासूबाईंनी सुचवलं होतं. मला मुलगी झाली तर हेच नाव ठेवायचं, असं मी त्यांना दोन्ही बाळंतपणांत सांगितलं होतं. मला दोन्ही मुलगे झाले. नाव पडून होतं, तुला देऊन टाकलं.

असो. तिकडे हवा कशी आहे?

दिपाली

ता. क. तो कांदा-लसणाचा नेम तू अजून पाळतेस का? सहज विचारलं.


निघोजे
११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार

सायलीस,

तुझं पत्र मिळालं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. सासूबाईंना वाचून दाखवलं, पण दुसरं पान दाखवलं नाही. नेम गुपित ठेवायचा असतो ना.

पाच वर्षं. मला वाटलं होतं, उलसानला गेल्यावर सुटला असेल. परदेशात कोण बघतंय? तर तू लिहितेस की ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातसुद्धा नुसती भाताची पेज घेतलीस, कारण सूपमध्ये कांदा होता. आणि तुझी आई पंधरा मिनिटांवर राहते, रविवारी चर्चमधून परस्पर तुझ्याकडे येते, तुझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात बिनकांद्याचं काहीतरी शिजवते आणि शिजवताना एक शब्द बोलत नाही. तिची किमची तू पाच वर्षांत तोंडात घातली नाहीस. तिला वाटतं की मुलीला आता आपल्या हाताची शिसारी येते.

हे वाचून मला वाईट वाटलं, असं लिहायला हवं. वाटलंही. पण आधी काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हिला एवढं जमतं कसं? मी साधी संकष्टी धरते तर दुपारी चार वाजता माझं डोकं फिरतं.

तुला आठवतो का तो लॉकडाऊनचा आषाढ? आपण सगळे या घरात कोंडलेले. कंपनी बंद, डबे बंद, चाकणचा बाजार बंद, कांदाचाळीत कांदा सडायला लागलेला. तू मोठाल्या पाटीत कोबी चिरलास, लसूण, पातीचा कांदा, तिखट असं सगळं कालवलंस आणि लोणच्याच्या बरणीत दाबून भरलंस. मी म्हटलं, हिचा वास घरभर होणार. झालाच. पण आठ दिवसांनी बघते तर सासूबाई भाकरीशी तेच घेतायत. माझ्या हातच्या ठेच्याला इतक्या वर्षांत "बरा झालाय" याच्यापुढे शब्द न काढणारे आमचे प्रज्वल बरणीत चमचा घालून उभे! मुलं तर विचारूच नकोस. फ्रीजचा खालचा कप्पा त्या बरणीचा झाला. माझ्या दह्याचं पातेलं वर गेलं.

कांदेनवमीला मी भजी काढली. अडीच किलो कांद्याची. सगळ्यांनी तुझ्या किमचीबरोबर खाल्ली. त्या दुपारी आपण दोघी भांडी घासत होतो आणि तू विचारलंस, "ताई, या घरची अशी एखादी गोष्ट सांगा जी फक्त सुनेची असते. मला पुस्तकातलं नको, आपल्या घरातलं पाहिजे."

तेव्हा मी तुला तो नेम सांगितला. जिचं माहेर दुसऱ्या देवाचं, तिनं या घरात आल्यावर कांदा-लसूण सोडायचा. कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. चंपाषष्ठीला मोठ्या जावेनं आपल्या हातानं भरताचा घास भरवला, की नेम सुटला.

तू हात पुसून माझ्या पाया पडलीस. दुसऱ्या दिवशी बरणी शेजारी देऊन टाकलीस. दही खालच्या कप्प्यात परत आलं.

नेम म्हणजे नेम असतो, सायली. मी तरी काय करणार, चालत आलेलं आहे.

दिपाली


निघोजे
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

सायली,

आज आशीर्वाद वगैरे लिहीत नाही.

तुला कळलंच असेल. तुला काय, जगाला कळलं. दुपारी सोनं द्यायला भावकी जमली होती आणि सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माज्यामागं देव सायलीकडं जातील." स्पीकर चालू होता, तू तिकडून ऐकत होतीस. तू "नको नको आई" म्हणालीस, तेसुद्धा इतकं गोड म्हणालीस की चुलतसासूबाईंनी मान डोलावली.

देव म्हणजे काय ते तुला माहीत आहे, पण आज मला सांगू दे. चांदीचे चार टाक. खंडोबा, भवानी, बहिरोबा आणि घरातला एक पूर्वज, ज्याचं तोंड झिजून सपाट झालंय. ते थोरल्या घरी राहतात. धाकट्यानं वेगळी चूल मांडली तर नवे टाक करून घ्यावेत, ही आपल्या सगळ्या गावाची रीत आहे. एकवीस वर्षं मी ते चिंचेनं घासतेय. भवानीच्या टाकाची कड कुठे लागते ते माझ्या अंगठ्याला पाठ आहे. जेजुरीला देव भेटवायला नेले तेव्हा डोक्यावर पाटी माझ्या होती, चपला न घालता, पोटात सहा महिन्यांचं पोर. त्याचा फोटो कुठल्याच गटावर नाही.

मी सासूबाईंना आत नेऊन विचारलं. म्हटलं, का? माझं काय चुकलं ते तरी सांगा.

त्या म्हणाल्या, "तुजं काय चुकलं न्हाई. पर त्या पोरीनं पाच वर्सं झाली कांदा सोडलाय. कुनाला बोलली न्हाई. म्या ताटावरनं वळखलं. कांद्याच्या चाळीत ऱ्हाऊन, कांद्यावर जगल्याल्या घरात, कोन करतं असं? आमी जन्मलो म्हनून देवाचं. ती झाली. ज्यो होतो, त्याला जपता येतं."

मला हसू आलं. खरंच आलं. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या, "दिपे, येडी का खुळी तू?"

का हसले ते तुला आज सांगणार नाही. आज मला इतका राग आलाय की खरं बोलले तरी ते वाईटच बोलेन. पण त्या कांद्याबद्दल तुला एक सांगायचं आहे. आणि तोवर एवढं कर. देव नको म्हण. नीट, ठाम नको म्हण. तुला तिकडे काय कमी आहे? नवरा आहे, नोकरी आहे, पंधरा मिनिटांवर आई आहे. मला आई अकराव्या वर्षी गेली. थेरगावच्या दोन खोल्यांत सात जणांच्या भाकऱ्या बडवून मी या घरात आले. इथे माझं म्हणावं असं त्या चार टाकांशिवाय काही नाही.

आज डबे पाऊण तास उशिरा गेले. पहिल्यांदाच.

दिपाली


निघोजे
१२ नोव्हेंबर २०२५

सायली,

तुझं पत्र समोर ठेवून लिहितेय. तू लिहिलेलं तुलाच परत लिहिते, कारण माझा अजून विश्वास बसत नाही.

"ताई, आईचा आजार आता शेवटच्या पायरीवर आहे. डॉक्टर म्हणतात, काही आठवडे. आमच्याकडे या दिवसांत वर्षाची किमची घालतात. तिला उठता येत नाही. खाटेवरून ती सांगत होती आणि मी मसाला लावत होते, पण मी चाखू शकत नव्हते, म्हणून मीठ बरोबर झालं का ते तिलाच पुन्हा पुन्हा चाखावं लागलं. तिनं मला काही विचारलं नाही. मलाच वाटतं की तिनं गेल्यावर नाही, ती असताना तिच्या हातचं खावं. चंपाषष्ठी २६ तारखेला आहे. तुम्ही मला घास भरवाल का? मी येऊ शकत नाही. रोडगा कुरियरने चालतो का? की व्हिडिओवर चालेल? शास्त्रात काय आहे ते विचारून सांगा. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही."

शास्त्रात काय आहे! सायली, कुठल्या शास्त्रात बघू? ते शास्त्र मी भांडी घासताना बनवलं.

असा नेम या घरात नाही. कुठल्याच घरात नाही. तू एखादी गोष्ट मागितलीस आणि माझ्या डोळ्यासमोर ती बरणी होती. म्हणून कांदा म्हणाले. पुढचं आपोआप सुचत गेलं. कुणाला सांगू नकोस हे एवढ्यासाठी, की सासूबाईंना कळलं असतं तर दोन मिनिटांत उघडं पडलं असतं. आणि मोठ्या जावेनं भरवल्यावर सुटतो, हे का म्हणाले माहीत आहे? त्या क्षणाला माझ्या हातात काहीतरी असावं म्हणून.

तुला वाटेल, चेष्टा असेल, विसरून गेली असेल. नाही. त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला मी घास उचलला होता. तू माझ्याकडे बघत होतीस. मी तो घास माझ्या मुलाला भरवला. तू मान खाली घालून वाढायला लागलीस आणि मला आत कुठेतरी गार वाटलं. पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तुम्ही निघायच्या गडबडीत होतात आणि मी मुद्दाम थेरगावला भावाकडे गेले. तीन वेळा, सायली. मोजून.

आता तुला सांगायला हवं, म्हणून हे लिहिलं. दुपारी चाकणच्या पोस्टात गेले. पाकीट खिडकीवर ठेवलं आणि परत उचललं. पत्र पोचायला अकरा दिवस लागतात, तेवढे तुझ्या आईकडे असतील की नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण तेवढंच नव्हतं.

बाहेर पायरीवर बसून मी विचार केला. खरं सांगितलं तर काय होईल? तुझी पाच वर्षं मातीत. आणि मी? सासूबाईंच्या, तुझ्या, भावकीच्या नजरेतून उतरणार. आणि नाही सांगितलं तर? चंपाषष्ठीला व्हिडिओवर घास दाखवायचा. नेम सुटला म्हणायचं. तू आईच्या हातचं खाशील, ती सुखानं जाईल, तू मला ताई ताई करत राहशील. कुणाचंच नुकसान नाही. सगळ्यांत बरं तेच आहे ना? आणि मी जास्तच मोठी होईन.

हे पत्र कपाटात ठेवतेय, टाकांच्या डबीखाली. रात्री फोनवर दोन वाक्यांत सांगते की व्हिडिओ चालतो.

दिपाली


निघोजे
२७ नोव्हेंबर २०२५

सायली,

काल काय झालं ते तू पाहिलंस. पण तू फोनच्या त्या बाजूला होतीस, या बाजूचं मी सांगते. आधीचं पत्रही याच पाकिटात घालते आहे. आता ते लपवण्यात अर्थ नाही.

सकाळी तळी भरली. "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणताना माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, प्रज्वल म्हणालेसुद्धा. वांगी चुलीवर भाजली, भरतात पातीचा कांदा आणि लसूण सढळ हातानं घातला. बाजरीचे रोडगे केले. सासूबाईंचा चातुर्मास सुटायचा होता, तुझा नेम सुटायचा होता. सासूबाईंना तू फोनवर एवढंच सांगितलंस की ताई मला भरवणार आहेत. त्यांना नवल वाटलं, पण नेमाचं असेल म्हणून त्या गप्प राहिल्या.

फोन पाटाला टेकवून ठेवला. पडद्यावर तू, मागे खाट, खाटेवर तुझी आई. किती लहान झाली आहे ती. लग्नात केवढी ताठ बसली होती, होमाचा धूर डोळ्यांत जात होता तरी उठली नाही. तुझ्या पुढ्यात वाटी होती आणि त्यात लाल किमची. मला ती इथून ओळखू आली.

मी घास उचलला. पडद्याजवळ नेला. आता म्हणायचं एवढंच होतं, "नेम सुटला." तेवढ्यात तुझी आई काहीतरी बोलली. तू तिला गप्प करायला बघत होतीस. ती पुन्हा बोलली. सासूबाई म्हणाल्या, "काय म्हंत्यात विहीणबाई?"

तू खाली बघून म्हणालीस, "आई विचारते, तुमच्या देवाला तिच्या हातच्या खाण्याचं एवढं काय वावडं होतं?"

सायली, मी काहीही सांगू शकले असते. तोंडात आलंही होतं, रीत असते, श्रद्धा असते. पण समोर खंडोबाचा टाक होता, मीच घासून लख्ख केलेला. त्याच्यावर हे ढकलायचं? ज्याच्या नैवेद्यालाच कांदा लागतो, त्याच्यावर?

मी म्हटलं, "देवाला नव्हतं. वावडं मला होतं."

मग जे बोलले ते तू ऐकलंस. बरणी, भांडी, नेम, तीन चंपाषष्ठ्या. घास हातात तसाच होता, भरताचं तेल मनगटावर उतरत होतं. तू आईकडे वळलीस आणि तुमच्या भाषेत बोलायला लागलीस. कंपनीत दुभाषी होतीस तेव्हा साहेब लोकांचं बोलणं दोन्हीकडे पोचवायचीस, तसाच सरळ आवाज. काय सांगितलंस ते मला कळलं नाही. सगळं सांगितलंस, की काही गाळलंस? तुझी आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे फोनकडे. मग तिनं वाटीत हात घातला. पान हातानंच दुमडलं. तू पुढे वाकलीस, तोंड उघडलंस, आणि तिनं तुला भरवलं.

तू चावलंस त्याचा आवाज स्पीकरवर आला. कुरकुर कुरकुर. आमच्या स्वयंपाकघरात तेवढाच आवाज होता. तू रडत होतीस आणि खात होतीस. मग फोन बंद झाला.

तेव्हा मला काय वाटलं ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिणं खोटं होईल. मला हेवा वाटला. तेव्हासुद्धा. तेहतीस वर्षं झाली, मला कुणी भरवलेलं नाही. माझ्यामुळे तू पाच वर्षं उपाशी राहिलीस आणि तरी त्या मिनिटाला मला तुझ्या जागी बसावंसं वाटलं.

मी सासूबाईंकडे वळले. मग मी म्हटलं, "तो नेमच खोटा होता, आत्या."

त्या म्हणाल्या, "नेम खोटा न्हाई. पाच वर्सं पाळला तिनं, त्यो खराच झाला. खोटी तू व्हतीस."

आणि माझं ताट पुढे ओढलं. भरीत बाजूला काढलं. रोडगा आणि गूळ ठेवला. म्हणाल्या, "आता तुजा. धाकट्या जावंनं भरवला की सुटंल. तवर कांदा न्हाई, लसून न्हाई. आन ह्यो लपवायचा न्हाई, इचारंल त्याला सांगायचा."

प्रज्वल म्हणाले, "आई, हे काय वय आहे का असलं करायचं?" मी म्हटलं, "राहू द्या." आणि गूळ-रोडगा खाल्ला. देवांबद्दल सासूबाई काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

तुझा फोन आला नाही. येऊ नये असंच मी केलंय. पण तुझी आई कशी आहे, एवढं भावजींना कळवायला सांग.

दिपाली


निघोजे
२१ डिसेंबर २०२५

सायली,

आई गेल्याचं भावजींनी कळवलं. सासूबाईंनी त्या दिवशी देवापुढे विहीणबाईंच्या नावानं दिवा लावला. कुठल्या देवाचा लागतो ते ठाऊक न्हाई, म्हणाल्या, पर दिवा चालत आसंल. मी काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्या तोंडून सांत्वन म्हणजे काय?

पण आज दुपारी तुझ्या जुन्या कंपनीतला माणूस दारात आला. उलसानहून परवाच आलाय म्हणाला. त्यानं जाड कागदात, प्लॅस्टिकच्या चार पिशव्यांत बांधलेली बरणी हातात दिली आणि म्हणाला, "काय पाठवलंय वहिनींनी? कस्टमवाल्यांनी नाक धरलं राव." आत तुझी चिठ्ठी होती. अक्षर नेहमीसारखं नव्हतं.

"ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला अजून राग आहे. किती दिवस राहील ते माहीत नाही. आईला त्या दिवशी मी सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही. ती म्हणाली, त्या बाईलाही थोडी पाठव. का म्हणाली ते मी विचारलं नाही. ही तिची शेवटची. यात कांदा आहे, लसूण आहे. सासूबाईंनी मला तुमच्या नेमाबद्दल सांगितलं. तुम्ही खाऊ शकत नाही, हे माहीत आहे. फ्रीजमध्ये ठेवा. ही लवकर खराब होत नाही, जितकी जुनी तितकी चांगली लागते. मी येईपर्यंत ठेवा."

चिठ्ठी सासूबाईंना वाचून दाखवली. या वेळी दोन्ही पानं दाखवली. मुलं बरणीभोवती घुटमळायला लागली, प्रज्वल तर चमचा घेऊनच आले. मी सगळ्यांना हाकललं. ती सायली आल्याशिवाय उघडायची नाही, असं सांगितलं.

सकाळी पाच किलो कांदा चिरते, डब्यांच्या भाज्यांना लसणाची फोडणी देते, आणि दुपारी बिनकांद्याच्या आमटीशी भाकरी खाते. डब्यातली मुलं विचारतात, काकू, तुम्ही का नाही खात? त्यांना मी खरं सांगते. पहिल्या दिवशी जड गेलं. पंचवीस दिवस झालेत. तू पाच वर्षं काढलीस.

दह्याचं पातेलं वर ठेवलंय. खालच्या कप्प्यात बरणी आहे. झाकण घट्ट आहे, तरी फ्रीज उघडला की वास येतो.

तिकीट काढलंस की कळव.

दिपाली